ओवी, गिरणी आणि गुजगोष्ट : श्रम व विसावा यांच्या संबंधाचा एक वाङ्मयीन विचार

१

श्रम आणि विश्रांती यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा, आरोग्यशास्त्राचा किंवा अर्थशास्त्राचा समजला जातो. दिवसाचे तास चोवीस; त्यांतील काही उपजीविकेसाठी, काही निद्रेसाठी आणि उरलेले स्वतःसाठी, अशी वाटणी करून तराजूची पारडी सम राखली म्हणजे जीवन सार्थकी लागले, अशी या विचाराची रूढ मांडणी असते. ही मांडणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिच्या पोटी एक गृहीत दडलेले आहे. काम आणि सवड या परस्परविरोधी वस्तू असून एकीची वाढ म्हणजे दुसरीची घट होय, हे ते गृहीत. ते सर्वस्वी खरे असते, तर वाङ्मयासारखी मनाच्या मोकळेपणावर अवलंबून असणारी गोष्ट केवळ सवडीच्याच पारड्यात निर्माण झालेली दिसली असती. मराठी वाङ्मयाचा इतिहास तसे सांगत नाही. या भाषेतील विपुल आणि दीर्घायुषी अशा पद्यरचनेपैकी एक फार मोठा भाग कामाच्या बाहेर नव्हे, तर ऐन कामात, दोन्ही हात गुंतलेले असताना रचला गेला आहे. याच्या उलट, विसाव्या शतकात निव्वळ सवडीच्या पोटी जन्मास आलेला एक गद्यप्रकार वीस-पंचवीस वर्षांतच निस्तेज झाला. या दोन घटनांचा एकत्र विचार केल्यास श्रम आणि सवड यांच्या संबंधावर काही निराळा प्रकाश पडतो.

मराठी भाषेतील शब्दच येथे प्रथम वाट दाखवितात. सवड, फुरसत, उसंत, रिकामपण आणि विसावा हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी बसत असले, तरी व्यवहारात त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. सवड काढावी लागते, उसंत मिळावी लागते, विसावा घ्यावा लागतो. रिकामपण मात्र येते, किंवा लादले जाते. ‘रिकामटेकडा’ हा शब्द स्तुतिपर कधीच नव्हता. रिकाम्या न्हाव्याने भिंतीला तुंबड्या लावल्याची म्हण हेच सांगते की, कारागिराची सवड ही समाजाच्या दृष्टीने विनोदाचा विषय होती. या सर्वांत ‘विसावा’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. त्यात आधी ओझे किंवा चाल गृहीत आहे. आषाढी वारीत पालखी वाटेवर थोडा वेळ थांबते, त्या थांब्यास वारकरी विसावा म्हणतात. हा थांबा प्रवासाच्या विरुद्ध नसतो. तो प्रवासाचाच एक भाग असतो. सवड कामाच्या बाहेर असते, विसावा मात्र वाटचालीच्या आत असतो, हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

२

युरोपीय विचारात सवडीला मोठी प्रतिष्ठा लाभली, ती अ‍ॅरिस्टॉटलपासून. सवड मिळावी म्हणून माणसे काम करतात. अर्थात काम हे साधन आणि सवड हे साध्य, असा त्याच्या नीतिशास्त्रातील विचार आहे. ग्रीक भाषेतील सवडीचा वाचक शब्दच पुढे युरोपीय भाषांत पाठशाळेचा वाचक झाला. विद्या ही सवडीची कन्या होय, हा समज त्या शब्दाच्या इतिहासात कोरलेला आहे. १९४८ मध्ये योझेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञाने हाच विचार नव्या काळात पुन्हा मांडला आणि सवड हा संस्कृतीचा पाया होय असे प्रतिपादन केले. तत्पूर्वी १९३२ मध्ये बर्ट्रांड रसेल याने आळसाची स्तुती करणारा प्रसिद्ध निबंध लिहून दिवसाचे चार तास काम पुरेसे आहे, असे सुचविले होते.

या विचारपरंपरेचे मोल मान्य करूनही तिच्यातील एक उणीव नजरेआड करता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या नागरिकाला सवड मिळत होती, ती दासांच्या श्रमांमुळे. १८९९ मध्ये थॉर्स्टाइन वेब्लेन याने सवडवंत वर्गाची मीमांसा करताना दाखवून दिले की, सवड ही पुष्कळदा मनाच्या विकासाची खूण नसून श्रमापासून मुक्त असल्याच्या प्रतिष्ठेचे प्रदर्शन असते. तेव्हा ‘सवडीतून संस्कृती’ हे सूत्र मांडताना ‘कोणाच्या सवडीतून आणि कोणाच्या श्रमांवर’ हा प्रश्न त्याच दमात विचारावा लागतो. याउलट १८९६ मध्ये कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने श्रम आणि लय यांचा संबंध तपासून असे मत मांडले की, गीत आणि काव्य यांचे मूळ शरीराच्या तालबद्ध कष्टांत आहे. काव्याच्या उत्पत्तीचा सिद्धांत म्हणून हे मत एकांगी ठरेल. परंतु ओवीच्या अभ्यासकाला अ‍ॅरिस्टॉटलपेक्षा ब्यूखर अधिक जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

३

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ओवीचा हा प्राचीन निर्देशच तिला श्रमाशी जोडूनच ठेवतो. उखळावर असो वा जात्यावर असो, ओवी ही कामाच्या लयीवर उभी राहिलेली रचना आहे. पहाटेच्या अंधारात दोन स्त्रिया जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसतात, एकच खुंटा दोघींच्या हाती असतो, मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात पडत असतात आणि दगडाच्या फेऱ्याबरोबर ओळीचा फेरा पुरा होतो. ग्रंथांतरीची ओवी अक्षरांच्या मोजणीत बसविता येते. जात्यावरच्या ओवीचे माप मात्र हाताच्या ओढीत आहे. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही म्हण केवळ व्यवहारचातुर्य सांगणारी नाही. तीत काव्यनिर्मितीविषयीचे एक अचूक निरीक्षण आहे.

तथापि या गीतांचा आशय पाहू लागल्यास एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. दळताना गायिलेल्या ओव्यांत दळणाचे वर्णन तुलनेने थोडेच असते. त्यांत माहेर असते, भाऊ असतो, लेकीची पाठवणी असते, सीतेचा वनवास असतो, पंढरीची वाट असते. आणि नंतरच्या काळातील ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही असतात. हात जात्याला बांधलेले आणि मन मात्र कोसच्या कोस दूर गेलेले, अशी ही अवस्था आहे. ज्या घरात सुनेला दिवसभर मोठ्याने बोलण्याचीही मुभा नसे, त्या घरात पहाटेचा हा प्रहर तिच्या स्वतःच्या शब्दांचा असे. कामाच्या वेळेतच तिला तिचा खासगी वेळ सापडला होता. वर सांगितलेला विसावा आणि सवड यांतील भेद येथे स्पष्ट होतो. या स्त्रीला सवड नव्हती. परंतु तिने श्रमाच्या आत विसावा निर्माण केला होता.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. ओवीच्या माधुर्याने मोहून जाऊन जात्याचा गौरव करणारे लेखन मराठीत कमी झालेले नाही. दळणकांडणाने स्त्रियांचे आरोग्य राखले आणि त्यांची मने प्रसन्न ठेवली, असा सूर त्यांत आढळतो. ओव्यांचा पुरावा याला अनुकूल नाही. सासुरवासाचे दुःख, अंगातील थकवा आणि बाईच्या जन्माविषयीची खंत ही त्यांच्या आशयाची नित्याची अंगे आहेत. गाणाऱ्या स्त्रीने दळण पत्करले होते असे नव्हे. ते तिच्या वाट्याला आले होते. कैद्याने भिंतीवर चित्र काढले म्हणून तुरुंगाला चित्रशाळा म्हणणे जितके योग्य, तितकेच जात्याला काव्याचे माहेरघर म्हणणे योग्य ठरेल. ओवीची थोरवी श्रमाच्या सक्तीत नसून, त्या सक्तीला पूर्णतः शरण न गेलेल्या मनात आहे.

संत जनाबाईच्या नावावरील अभंग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या कवयित्रीच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळावयास बसतो आणि घरकामात तिला हात लावतो. भक्तीची पराकाष्ठा म्हणून या कल्पनेचे विवेचन पुष्कळ झाले आहे. श्रमाच्या दृष्टीने तिचे मर्म निराळे आहे. या अभंगांतील देव दासीला कामातून सोडवीत नाही, तिला सवड मिळवून देत नाही. तो तिच्या कामात वाटेकरी होतो. जात्याचा खुंटा एकट्याने ओढणे कष्टाचे असते. समोर दुसरा हात लागतो. जनाबाईच्या कल्पनेने त्या रिकाम्या जागी प्रत्यक्ष परब्रह्म आणून बसविले. श्रमाचे ओझे तासांच्या संख्येने जितके ठरते, तितकेच ते एकटेपणानेही ठरते, ही जाणीव या कल्पनेच्या मुळाशी आहे. सावता माळ्याविषयीच्या परंपरेतही मळ्यातील काम आणि पूजा यांत अंतर राहत नाही. मात्र माळ्याचा मळा आणि दासीचे जाते यांत फरक आहे. पहिल्याचे काम त्याच्या मालकीचे होते, दुसरीचे नव्हते. म्हणूनच कदाचित जनाबाईच्या अभंगांत सोबतीची तहान अधिक तीव्र आहे.

४

मराठीत ‘गिरणी’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एक पिठाची गिरणी आणि दुसरी कापडाची. महाराष्ट्रातील श्रमजीवनाचा गेल्या दीड शतकातील इतिहास या एका शब्दाच्या दोन अर्थांत सामावला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पहिल्या गिरणीने जाते थांबविले. दुसरीने गावातील पुरुष मुंबईस नेले.

पिठाची गिरणी गावोगाव पोचली, तेव्हा स्त्रीच्या अंगावरील एक जुने ओझे उतरले. ही निःसंशय इष्ट गोष्ट होती. परंतु वाचलेली पहाट गाण्याला मिळाली नाही. जाते कोपऱ्यात सरकले, तसतशी ओवीची परंपराही मागे पडली. १९८० नंतरच्या काळात गी पोयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी प्रामुख्याने ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्यापूर्वी साने गुरुजींचा ‘स्त्री जीवन’, सरोजिनी बाबर यांची लोकसाहित्याची संपादने, दुर्गा भागवतांचा ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ (१९५६) यांनी या क्षेत्राचा पाया घातला होता. एक लाख ही संख्या विस्मयकारक आहे. पण त्या संग्रहाचे वैभव हे बव्हंशी स्मरणाचे वैभव आहे. यंत्राने वेळ वाचविला म्हणजे तो वेळ आपोआप मनाच्या स्वाधीन होतो, हे गृहीत येथे कोसळते. वाचलेल्या वेळात दुसरे काम येऊन बसते. भारत सरकारच्या २०२४ मधील वेळ-वापर पाहणीनुसार, कुटुंबासाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. जाते गेले, पण समोरची जागा बहुतांशी रिकामीच राहिली, असा या आकड्यांचा जनाबाईच्या भाषेतील अर्थ होतो.

कापडाच्या गिरणीने श्रमाचे स्वरूपच पालटले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केल्यानंतर जी श्रमव्यवस्था वाढली, तीत लय माणसाची राहिली नाही, ती यंत्राची झाली. जात्याचा वेग गाणाऱ्या स्त्रीच्या श्वासाप्रमाणे कमीअधिक होई. मागाचा वेग मागावर काम करणाऱ्याला विचारून ठरत नसे. मागाच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्द ऐकू येणे कठीण, तेथे ओवी कोठून येणार? श्रमाच्या आत विसावा निर्माण करण्याची वाट या कामाने बंद केली. म्हणूनच कामाच्या बाहेरची सवड ही येथे प्रथमच जीवनमरणाची गरज झाली.

ही सवड कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी आपल्या मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्याची एक सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. गिरणीमालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टी मान्य केली, ती १० जून १८९० रोजी. पुढे कारखानाविषयक कायद्यांनी प्रौढ कामगारांचा आठवडा १९२२ मध्ये ६० तासांवर, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत ५४ तासांवर आणि १९४६ मध्ये ४८ तासांवर आणला. लोखंडे हे सत्यशोधक परंपरेतील होते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. श्रम करणाऱ्या जातींनाही वाचण्याचा, विचार करण्याचा आणि एकत्र येण्याचा वेळ असला पाहिजे, हा आग्रह वेतनवाढीच्या मागणीपेक्षा मूलगामी होता. सवडीवरील एका वर्गाच्या मक्तेदारीला दिलेले ते आव्हान होते.

या सवडीचे गिरणगावाने काय केले, याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात मिळते. भजनी मंडळे, तमाशाचे फड, कामगार रंगभूमी, व्यायामशाळा आणि वाचनालये यांनी गजबजलेल्या त्या वस्तीतून अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता पुढे आली. सुर्व्यांच्या दुसऱ्या कवितासंग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) असे आहे. ज्या शब्दात ग्रीकांनी विद्येची सवडीशी गाठ मारली, त्याच क्षेत्रातील शब्द घेऊन या कवीने विद्येची गाठ रस्ता, कारखाना आणि झगडा यांच्याशी मारली. सवड असणाऱ्यासच विद्या, हे अ‍ॅरिस्टॉटलचे समीकरण येथे नुसते नाकारलेले नाही. ते उलट बाजूने लिहिलेले आहे. त्याच शहरातील मर्ढेकरांची कविता मात्र दुसरी बाजू दाखविते. ‘काही कविता’ (१९४७) मधील महानगरीय माणूस कामात जितका यांत्रिक आहे, तितकाच विश्रांतीतही यांत्रिक आहे. यंत्राची लय मनात एकदा भिनली की सुट्टीचा दिवसही पाळीच्या भोंग्यावर चालतो, हे त्यांनी ओळखले होते. सवडीचे तास कायद्याने मिळविता येतात. सवड भोगणारे मन कायद्याने मिळत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढील वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. ज्यांच्या पूर्वजांनी एका रविवारासाठी लढा दिला, त्यांच्या पदरी आठवड्याचे सातही दिवस आले. या अवस्थेस सवड असे कोणी म्हणणार नाही. विसावा तर नव्हेच. तिला मराठीत रिकामपण असाच शब्द आहे. कामाच्या अभावी मिळालेला वेळ मनाला मोकळे करीत नाही, तो त्याला कोंडतो. ओझेच नसेल तर विसाव्यालाही अर्थ उरत नाही.

५

आता सवडीच्या पोटी जन्मलेल्या गद्यप्रकाराकडे वळावयाचे. १९२६ च्या सुमारास ना. सी. फडके यांनी ‘रत्नाकर’ मासिकातून गुजगोष्टी लिहिण्यास आरंभ केला. त्याच सुमारास वि. स. खांडेकर आणि पुढे अनंत काणेकर यांनीही हा लघुनिबंध हाताळला. सुशिक्षित, पांढरपेशा, बहुधा प्राध्यापकी किंवा तत्सम व्यवसाय करणाऱ्या माणसाची संध्याकाळ हा या लेखनाचा खरा काळ होय. आरामखुर्ची, फिरावयास जाणे, जुनी छत्री, हरवलेली वस्तू, चहाचा पेला अशा क्षुल्लक विषयांवर खेळकरपणे बोलावे, त्यातून हळूच एखादा विचार निघावा आणि वाचकाशी मैत्री जुळावी, हे त्याचे तंत्र होते. मराठी गद्याला त्याने हलकेपणा दिला, उपदेशाचा ताठा उतरविला आणि ‘मी’ला निःसंकोचपणे बोलावयास शिकविले. हे ऋण मोठे आहे.

परंतु हा प्रकार लवकरच थकला. १९४५ च्या सुमारास लघुनिबंध तंत्रबद्ध आणि ठरीव झाल्याची तक्रार सार्वत्रिक झाली होती. याचे कारण टीकाकारांनी बहुधा तंत्रात शोधले आहे. क्षुल्लकातून महत्त्वाकडे जाण्याची युक्ती वारंवार वापरल्याने ती उघडी पडली, असे ते कारण. ते चुकीचे नाही. पण ते कारण नसून लक्षण असण्याचा संभव अधिक आहे. लघुनिबंधातील ‘मी’ला व्यवसाय असतो, पण तो लेखनात शिरत नाही. महाविद्यालयाचे दार मागे लावूनच तो आरामखुर्चीत बसतो. त्याची सवड ही त्याच्या कामापासून पूर्णपणे तोडलेली आहे. अशा सवडीत मन ताजेतवाने होते. परंतु तिला नवा आशय कोठून मिळावा? छत्री संपली की काठी आणि काठी संपली की चष्मा, असे विषय बदलत गेले. पाहणारा मात्र तोच राहिला. ज्या पाण्याला झरा नाही, ते काही काळ निर्मळ राहिले, तरी पुढे आटतेच.

हा गद्यप्रकार पुन्हा सजीव झाला, तो कसा, हे पाहिले म्हणजे वरील निदानास पुष्टी मिळते. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) आणि दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) या दोन पुस्तकांनी मराठी ललित निबंधाला नवी दिशा दिली, याविषयी फारसा मतभेद नाही. या दोन्ही लेखिका संशोधक होत्या. एक मानवशास्त्राची, दुसरी लोकसाहित्याची. त्यांचे ललित लेखन त्यांच्या कामाबाहेर घडले, परंतु कामाला विसरून घडले नाही. माणसे, नाती आणि रूढी यांकडे पाहण्याची जी दृष्टी एकीला क्षेत्रीय अभ्यासाने दिली आणि झाडे, सण, महिने यांच्या आठवणी जपणाऱ्या लोकमनाची जी ओळख दुसरीला अध्ययनाने झाली, तीच त्यांच्या निबंधांत मोकळी होऊन वावरते. येथे सवड ही कामाची विरोधक नाही. कामात साठलेले तिच्यात निथळते.

‘परिपूर्ती’ हा त्या संग्रहाला नाव देणारा लेख तर प्रस्तुत विषयाच्या गाभ्यालाच हात घालतो. एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते. ती कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी हे सांगितले जाते. तरीही काही राहून गेले, असे तिला वाटत राहते. मग परतीच्या वाटेवर रस्त्यातील मुलांपैकी एकजण दुसऱ्याला तिची ओळख सांगतो : आपल्या वर्गातील मुलाची ती आई. तेव्हा ती ओळख पुरी होते. या लेखाचा एक वाचनप्रकार असा की, विदुषीनेही अखेर मातृत्वातच सार्थकता मानली. दुसरा असा की, स्त्रीची ओळख दुसऱ्यांच्या नावांनीच पुरी करणाऱ्या समाजाकडे लेखिका मिस्किलपणे पाहत आहे. दोन्ही वाचने संभवतात आणि लेखाच्या सुरातील खट्याळपणा दुसऱ्याला बळ देतो. तथापि रचनेच्या अंगाने एक तिसरी गोष्ट दिसते. परिपूर्तीचा क्षण सभेत येत नाही, अभ्यासिकेत येत नाही आणि घरातही येत नाही. तो वाटेवर येतो. काम आणि घर यांच्या मधल्या, कोणत्याही पारड्यात न मोजल्या गेलेल्या वेळात तो येतो. सार्थकता ही वाटणीचा परिणाम नसून येता-जाता होणारी ओळख आहे, असे हा लेख आपल्या घडणीतूनच सुचवितो.

इरावतीबाईंचा ‘वाटचाल’ हा पंढरीच्या वारीवरील लेखही येथे आठवतो. संशोधन आणि यात्रा या दोहोंना एकाच पावलाने चालविणारा हा लेख विसाव्याचे काव्य जाणतो. पण तेथेच थांबत नाही. वाटेने एकत्र चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीप्रमाणे निराळी बसतात, हे शल्य त्यात नोंदलेले आहे. चालताना जी समता भासते, ती विसाव्याच्या जागी मोडते. सवडीचे स्वरूप पारखण्याची ही कसोटी आहे. समाज कष्टात कसा आहे यावरून जितका कळतो, तितकाच तो थांबल्यावर कोणाबरोबर बसतो यावरून कळतो.

६

या सर्व विवेचनाचा शेवट बहिणाबाई चौधरी यांच्या उदाहरणाने करणे उचित ठरेल. कारण वर पाहिलेले दोन्ही काळ, श्रमाच्या आतला आणि श्रमाच्या बाहेरचा, त्यांच्या कवितेत एकत्र येतात. जळगावजवळील असोद्यात १८८० मध्ये जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, अकाली वैधव्य आलेली ही शेतकरी स्त्री शेतात आणि घरात राबताना गाणी रचीत राहिली. तिच्या कवितेत काम हा विषयही आहे आणि प्रतिमांचा उगमही. पेरणी, दळण, चूल यांच्यावरूनच ती जगण्याविषयीच्या विचाराकडे जाते. क्षुल्लकातून महत्त्वाकडे जाण्याची लघुनिबंधाची युक्ती येथेही दिसते. परंतु येथे ती युक्ती वाटत नाही. कारण जाते आणि चूल या वस्तू तिच्यासाठी क्षुल्लक नव्हत्याच.

तथापि ही कविता वाचकांपर्यंत पोचली, ती एकट्या श्रमाच्या बळावर नव्हे. पुत्र सोपानदेव आणि एक आप्त यांनी ती लिहून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्यानंतर आचार्य अत्रे यांच्या दृष्टीस ती पडली आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गाणे रचणारीला श्रमात विसावा सापडला होता. ते टिपून घेण्यास कोणाची तरी सवड लागली. जात्यावरील लक्षावधी ओव्यांचीही हीच कथा आहे. ज्यांच्याकडे लिहावयास बसणारा कोणी आला नाही, त्यांची गाणी दगडाबरोबरच थांबली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. सवडीची संस्था मानल्या गेलेल्या विद्यापीठाने शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव धारण करावे, यातील औचित्य केवळ गौरवाचे नाही. विद्यापीठाची सवड कशासाठी असते, याचे स्मरण त्यात आहे. ज्यांच्या श्रमांवर ती सवड उभी आहे, त्यांचा शब्द ऐकण्यासाठी ती नसेल, तर वेब्लेनचा आक्षेप तिला पूर्णपणे लागू पडतो.

वर्तमानकाळात हा प्रश्न एका नव्या रूपाने पुढे आला आहे. २०२० च्या महामारीनंतर घरून काम करण्याची रीत पुष्कळ व्यवसायांत रुजली आणि दूरध्वनीच्या पडद्यावरून कचेरी शेजघरापर्यंत आली. कामाचे आणि घराचे तास पुन्हा एकमेकांत मिसळले आहेत. वरवर पाहता ही जात्यावरच्या पहाटेसारखी स्थिती वाटेल. परंतु दिशा उलटी आहे. ओवी रचणारीने कामाच्या आत स्वतःचा वेळ शिरविला होता; येथे काम स्वतःच्या वेळात शिरले आहे. जात्यावर हात गुंतलेले होते आणि मन मोकळे होते. येथे हात मोकळे आहेत आणि मन गुंतलेले आहे. अशा स्थितीत ‘समतोल’ हा शब्द कितीही उच्चारला, तरी पारड्यांची दांडीच नाहीशी झालेली असल्याने त्यातून फारसे काही हाती लागत नाही.

मराठी वाङ्मयाच्या साक्षीने या प्रश्नाचे जे उत्तर संभवते, त्याला दोन अंगे आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. पहिले अंग लोखंड्यांचे. तासांची मर्यादा, हक्काची सुट्टी आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूस बसणारा वाटेकरी यांवाचून सार्थ जीवनाच्या गोष्टी करणे ही श्रमिकाची थट्टा होय. दुसरे अंग ओवीचे. मिळालेले तास मनाचे झाले नाहीत, तर ते आरामखुर्चीत विरतात किंवा भोंग्याच्या तालावर चालतात. पहिल्यावाचून दुसरे म्हणजे कष्टांचा खोटा गौरव. दुसऱ्यावाचून पहिले म्हणजे नुसते रिकामपण. वारकऱ्याला विसाव्याची जागा लागते, आणि ती सर्वांना एका पंगतीत बसता येईल अशी लागते. पण विसावा गोड लागतो तो पुढे जावयाचे आहे म्हणून. तासांचे गणित जेथे संपते, तेथून या अर्थाच्या विसाव्याचा विचार सुरू होतो, आणि ओवीपासून ‘परिपूर्ती’पर्यंतचे मराठी वाङ्मय त्या विचाराचे साधन म्हणून वाचता येते.